साठ वाया गेलेली मुलं पाहिजेत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी एका सरकारी बाकावर बसले आहे. बाकाचा एक पाय आखूड आहे आणि मी जरा हलले की दुसऱ्या टोकाचे आजोबा वर जातात. मी फार हलते आहे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच चार गोष्टी सुनावून घरी येतेस? जिन्यातला दिवा लागला का, की घरमालकाशी अजून पत्रव्यवहारच चालू आहे? संध्याकाळी नीट जेवतेस ना, की एकटीसाठी कुठे चूल पेटवायची म्हणून दुधावर भागवतेस? ही सगळी चौकशी अगदी मनापासूनची आहे. मी खुशाली विचारली की तू उलट टपाली 'काय हवंय ते लिही' एवढी एकच ओळ पाठवतेस. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होतीस, त्यामुळे गोड बोलणारी प्रत्येक मुलगी तुला सुट्टीचा अर्ज घेऊन आलेली वाटते. पण या वेळी मला खरंच काही नको आहे. नुसतं बोलायचं आहे. फोनवर बोलले असते, पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'हे सगळं पत्रात लिही' म्हणून ठेवून देतेस. तर घे, लिहिते.

आधी माझं काम काय ते पुन्हा सांगते. तीन वेळा सांगून झालं आहे आणि तिन्ही वेळा तू शेजारणीला 'ती जनगणनेत आहे' असं सांगितलं आहेस. मी जनगणनेत नाही. मी एका संशोधन संस्थेत साहाय्यक आहे आणि आमच्या प्रकल्पाचं नाव 'विकसनशील समाजातील युवकांचे विचलित वर्तन' असं आहे. विचलित वर्तन म्हणजे तू ज्याला थेरं म्हणायचीस तेच, फक्त त्याला गुण देतात. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली असते. प्रत्येक 'होय'ला एक गुण. वीसच्या वर गेला तो मुलगा विचलित, वीसच्या आत राहिला तो सरळ. प्रश्नावली कुठल्याशा श्रीमंत देशातून आली आणि आमच्या प्रकल्पप्रमुखांनी ती शब्दाला शब्द लावून मराठीत उतरवली. (प्रकल्पप्रमुखांना आम्ही तोंडावर 'सर' म्हणतो आणि माघारी 'तळटीप', कारण ते कुठल्याही संभाषणात सगळ्यात शेवटी, बारीक आवाजात, कुणी विचारलेलं नसताना येतात.) त्यामुळे 'आपण कुटुंबाची दुसरी मोटार परवानगीशिवाय चालवली आहे काय?' हा प्रश्न मी अशा वस्तीत विचारत हिंडले की जिथे एका सायकलवर अख्खं घर कामाला जातं. एका मुलाने फार विचार करून मला विचारलं की पहिली मोटार ढकलली असेल तर अर्धा गुण मिळेल का. दुसरा प्रश्न असा: 'आपण तीन वा अधिक मित्रांसह सार्वजनिक ठिकाणी निरुद्देश उभे राहता काय?' यावर मी सरांना म्हटलं, सर, या हिशेबाने आपली सगळी संस्था रोज चार वाजता टपरीवर विचलित होते. सर म्हणाले, चहा हा उद्देश आहे. मग मुलांनीही तसंच सांगायला सुरुवात केली आणि तो प्रश्न वाया गेला.

आता खरी अडचण सांगते. आम्हाला साठ सरळ मुलं हवी होती आणि साठ विचलित. सरळ मुलं तीन आठवड्यांत भरली, वर उरली. माझ्या वाट्याला आलेली वस्ती म्हणजे पत्र्याच्या शेडची रांग आहे. लेथ, वेल्डिंग, खिडक्यांच्या चौकटी, गाड्यांच्या सीटा. चौदा ते अठरा वर्षांची मुलं सकाळी शाळेत, दुपारी शेडमध्ये, संध्याकाळी पाणी भरायला. आत्या, वाया जायलाही फुरसत लागते ग! ती या मुलांकडे नाही. चार महिने उन्हातून फिरले, चपला दोन वेळा शिवून घेतल्या, आयांच्या शिव्या खाल्ल्या ('आमचा तसला नाही हो बाई, पलीकडच्या गल्लीत विचारा', आणि पलीकडची गल्ली मला अलीकडे पाठवायची), तरी विचलित मुलं मिळाली एकोणीस. त्यातले दोघं तर नुसती फुशारकी मारत होते. सरांचं म्हणणं, मुलं आहेत, तुम्हाला दिसत नाहीत. तपासणी समिती महिन्याभरात येणार होती. आणि तुला ठाऊक आहे, मी चार वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आहे. समितीला साठ अधिक साठ दिसले तर मी कायम, नाही दिसले तर मी घरी. सरांनी हे मला तळटिपेसारखंच सांगितलं.

(मध्येच उठावं लागलं. आता दुसऱ्या बाकावर आहे. हा बरा आहे, पण समोरच्या खोलीत एक कारकून दोन बोटांनी टंकलेखन करतो आहे आणि प्रत्येक अक्षराला मी घड्याळ बघते. का, ते पुढे कळेल.)

वस्तीत एक वाचनालय आहे. एक खोली, दोन टेबलं आणि कोडी आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेली वर्तमानपत्रं. तिथे मी फॉर्म भरून घ्यायचे आणि काम संपलं तरी पाच-सहा मुलं घुटमळत राहायची. त्यांच्यात मुकादम नावाचा एक आहे. खरं नाव फॉर्मवर आहे, ते सांगायची मला मनाई आहे. वय सोळा, अंगाने काडी, कानामागे पेन्सिल. खिडक्या बसवणाऱ्या मिस्त्रीकडे काम शिकतो आणि कुणाचंही काम अडलं की न सांगता हाताखाली घेतो, म्हणून मुकादम. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात, पहाटे जाते ती दिवेलागणीला येते. बाप मालट्रकवर आहे आणि ट्रक कुठे आहे हे ट्रकच्या मालकालाही सांगता येत नाही. या मुकादमाचं नाव तंत्रशाळेच्या प्रवेशयादीत तिसरं लागलं होतं. यादी त्याने मला चार वेळा दाखवली. चौथ्यांदा तर आपलं नाव वर सरकलंय का तेच बघायला गेला होता. फक्त चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचा राहिला होता.

आणि एका संध्याकाळी मी या मुलांसमोर रडले. काय करू? सरांनी त्या दिवशी सगळ्यांदेखत 'एकोणीस' हा आकडा तीनदा उच्चारला होता. मुलांनी विचारलं, ताई काय झालं, आणि मी सांगत सुटले. गुण कसे देतात, वीसची रेघ कुठे आहे, कुठल्या विभागात मुलं कमी पडतात, सगळं. संशोधकाने नमुन्यांपुढे रडू नये असं एकाही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही, लिहायला पाहिजे. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साठ झाले की तुम्ही कायम होणार ना?" मी हो म्हटलं, नाक पुसलं आणि घरी गेले. तेवढ्यावर गोष्ट संपली असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यापासून मुलं रांगेने येऊ लागली. आधी सरळ ठरलेलीच मुलं, पण आता म्हणे, ताई, आमचा फॉर्म पुन्हा भरा, फरक पडलाय. मी भरत गेले आणि माझा आनंद काय विचारतेस! कुणी सायकल पळवली होती, कुणी शाळेला दांडी मारली होती, कुणी रस्त्यावरचा दिवा फोडला होता, कुणी वॉर्ड ऑफिसची पाटी उचलून नेली होती. मी प्रत्येकाला विचारत होते आणि प्रत्येक जण खरंच सांगत होता, फक्त मी अर्धंच लिहीत होते. सायकल पळवली, ती चेनला तेल घालून आणि हवा भरून परत जागेवर लावली. दिवा फोडला, तो वर्षभर बंदच होता, आणि फुटल्यामुळे अखेर महानगरपालिकेने नवा लावला. दांडी मारली, ती गुरुजींना आदल्या दिवशी सांगून. पाटीवरचं शुद्धलेखन सुधारून, नवा रंग देऊन ती तिसऱ्या दिवशी परत टांगली. पण 'परत केली काय' असा रकाना प्रश्नावलीत नाही. रकाना नाही म्हणून मी लिहिलं नाही. आत्या, मी आळशीपणा केला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. मी अगदी काटेकोर काम करत होते.

मागाहून कळलं ते असं की मुकादमाने वाचनालयातल्या जुन्या कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला होता. कोणाचे किती गुण कमी, कोणत्या प्रश्नाला कोण, कोणत्या दिवशी. लहान भावंडं सांभाळणाऱ्यांना सोपे प्रश्न, परीक्षा जवळ असलेल्यांना सूट. कुणाचं नुकसान होता कामा नये आणि झालं तर त्याच हाताने भरून द्यायचं, हा नियम वर ठळक अक्षरात. असं नियोजन आमच्या संस्थेत एकदाही झालेलं नाही.

मी मात्र अहवाल लिहिला. तीन आठवड्यांत वस्तीतलं विचलन तिपटीहून जास्त वाढलं, असं वाक्य माझ्या हाताने लिहिलं, खाली आलेख काढला. आलेख असा चढला होता की सरांनी तो पाहून चष्मा पुसला. त्यांनी कारणंही लगेच जोडली, शहराकडचा ओढा, सिनेमा, मोबाइल आणि पालकांचं दुर्लक्ष. हे कुठल्याही आलेखाला चालतं. अहवाल वर गेला, वरून वर्तमानपत्रात गेला, आणि वर्तमानपत्रात आल्यावर लोकांनी तो वस्तीत शोधायला सुरुवात केली. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी राहू लागली. दुकानदारांनी दुसरं कुलूप लावलं. माझ्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने तर स्वतःच्याच मुलाचे खिसे तपासले, त्यात तिला तिच्याचसाठी आणलेलं डोकेदुखीचं औषध सापडलं. आणि माझं कायमपदाचं पत्र टंकून तयार झालं. ते सरांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होतं आणि मी दिवसातून आठ वेळा काहीतरी निमित्त काढून ते उलटं वाचून यायचे.

इतकं झालं आणि सरांनी एक फॉर्म बाद केला. साठांतला एक नमुना सव्वीस वर्षांचा निघाला, तो बदली शिक्षक होता. (मुलांनी त्यालाही ओढला होता. तो आनंदाने आला होता, म्हणाला, मलाही कायम व्हायचंय.) म्हणजे एकोणसाठ. हे मी मुलांना सांगितलं नाही, पण माझं तोंड आहे ना, ते सगळं सांगतं. मुकादम स्वतः अजून सरळ गटात होता, तीन गुणांवर. त्याला वाटलं, बाकीच्यांकडून करून घ्यायचं आणि आपण कोरं राहायचं हे बरं दिसत नाही. एका आठवड्यात त्याने प्रश्नांची यादी पालथी घातली आणि शनिवारी येऊन फॉर्म भरला. चौतीस गुण. सगळ्या वस्तीत सगळ्यात जास्त. त्यात एकतिसावा प्रश्न होता, 'बंद इमारतीत परवानगीशिवाय प्रवेश केला आहे काय?' त्याला त्याने 'होय' सांगितलं, पण ते अजून व्हायचं होतं. ताईंच्या फॉर्मवर खोटं राहायला नको, म्हणून रविवारी दुपारी तो ते खरं करायला निघाला. परक्या कुणाला त्रास नको म्हणून त्याने इमारत निवडली ती आमचीच संस्था.

माझ्या खोलीच्या खिडकीची कडी वर्षभर लागत नाही. तो त्या खिडकीतून आत आला, पाच मिनिटं माझ्या खुर्चीत बसला आणि परत निघाला. प्रश्न तिथे संपला होता. पण ती कडी त्याने पाहिली आणि त्याला राहवलं नाही. घरी जाऊन पेचकस आणि छोटा रंधा घेऊन आला, पुन्हा आत शिरला आणि कामाला लागला. ठोकठोक ऐकून पहारेकरी वर आला. मुकादमाने त्याला म्हटलं, काका, जरा चौकट धरा. काकांनी धरली. अर्धा तास धरली. कडी बसली, खिडकी दोनदा उघडून-मिटून पाहिली, आणि मग काकांच्या लक्षात आलं की आपण पहारेकरी आहोत.

सरांना झालेला आनंद मी तुला लिहून सांगू शकत नाही. नमुना स्वतःच्या पायाने संस्थेत चालत आला होता! त्यांनी पोलिसांना बोलावलं आणि सोबत मुलाचा फॉर्म दिला, चौतीस गुण, खाली माझी सही. फॉर्मवर पहिल्याच ओळीत छापलेलं आहे की ही माहिती कुणालाही दिली जाणार नाही. मी ते वाक्य बोटाने दाखवलं. सर म्हणाले, ते संशोधनापुरतं, हे उपयोजन आहे. मुकादमाला निरीक्षणगृहात नेलं. आणि मला सांगण्यात आलं की बाल न्याय मंडळापुढे साक्ष मीच द्यायची आहे, हा फॉर्म मी भरला आणि तो बरोबर आहे एवढंच म्हणायचं.

त्यानंतरचे तीन दिवस मी काय केलं ते सांगते. कपाट तीन वेळा रिकामं केलं आणि तीन वेळा भरलं. एकशेवीस फॉर्म आधी तारखेने लावले, मग वयाने, मग पुन्हा तारखेने. चहा करायला ठेवायचे आणि फिरायला निघून जायचे (एक पातेलं गेलं). वाचनालयात गेले तर मुलं खुर्च्यांवर सरळ बसलेली, सगळी माझ्या तोंडाकडे बघत. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. कामावरून थेट, बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. मला वाटलं आता ही मला बोलेल, बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कागदावर सही तुमची आहे म्हणतात. म्हणजे खरं काय ते तुम्हाला माहीत असणार." आणि विश्वासाने बसून राहिली. आत्या, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, विसरलेच.

आज सकाळी अकराला मंडळापुढे उभी राहिले. लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, तिघं जण, मधल्या अध्यक्षबाई. मी एक वाक्य बोलायचं होतं, त्याऐवजी पाऊण तास बोलले. रडले ते सांगितलं, गुण समजावले ते सांगितलं, हवा भरून परत केलेली सायकल सांगितली, पाटी सांगितली, कॅलेंडरमागचा तक्ता पुढे ठेवला. हा मुलगा चौतीस गुणांचा नाही, तीनच गुणांचा आहे, एकतीस माझे आहेत, असंही म्हणून गेले. सर मागून बारीक आवाजात काहीतरी जोडत होते, अध्यक्षबाईंनी त्यांना बाहेर पाणी प्यायला पाठवलं. मग त्यांनी मुकादमाला विचारलं, तुला हे करायला कुणी सांगितलं होतं का? तो म्हणाला, "नाही. ताईंचं काम अडलं होतं." अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ तक्ताच वाचत बसल्या.

त्यांनी प्रकरण मिटवायचं कबूल केलं, पण एका अटीवर. वर्तमानपत्रामुळे वस्तीत वातावरण तापलेलं आहे, आई दिवसभर घरी नाही, तेव्हा मुलाने तीन महिने वस्तीबाहेर कुणा जबाबदार नातेवाइकाकडे राहायचं. तसं झालं तर कुठेही नोंद नाही, तंत्रशाळेला मंडळ स्वतः पत्र देणार. नातेवाईक नसेल तर हे तीन महिने निरीक्षणगृहातच, आणि तिथून आलेल्या मुलाला तंत्रशाळा घेत नाही. आईने सांगितलं, नातेवाईक आहेत, पण वर्तमानपत्र वाचतात. अध्यक्षबाईंनी आज चार वाजेपर्यंतची मुदत दिली.

माझं म्हणशील तर कायमपदाचं पत्र मला मिळालं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सरांनी माझा खुलासा मागवला आहे, उद्या सकाळी दहाच्या आत. लिहायला फारसं काही नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते, महिन्यानंतर काय करणार ठाऊक नाही, पण गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा आज मला भूक लागली आणि मी उभ्या उभ्या सहा केळी खाल्ली.

तर असं सगळं आहे. तू काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक घेत जा. तुझ्या घरात तुझ्याहून मोठं कुणी नाही आणि लहानही कुणी नाही, तेव्हा माझा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही तूच ठेवून घे. बाकी ठीक.

तुझी भाची
(जनगणनेतली)

ता. क. मला काही नको आहे असं वर लिहिलं आहे ते खोडायला गेले तर पान फाटेल, म्हणून तसंच ठेवते. तुझी मागची खोली रिकामीच आहे ना? त्यातल्या वसतिगृहाच्या जुन्या सतरंज्या कुणाला देऊन टाकल्या नाहीस ना?

ता. क. २. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. पत्र टपालाने आलेलं नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तोच मुकादम. मी हे आता बसस्थानकावर लिहिते आहे, तो शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसला आहे आणि माझ्या हातातलं पत्र वाचायला जराही मान वाकडी करत नाही. मीच पोचवायला येणार होते, पण उद्या दहाचा खुलासा आहे, म्हणून कंडक्टरच्या हवाली करते आहे. आणि आत्ता माझ्या लक्षात येतंय की तू चिठ्ठी पूर्ण वाचल्याशिवाय कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीस. म्हणजे मी तुला पहारेकऱ्याची गंमत सांगत होते तेव्हापासून तो दाराबाहेर उभाच आहे! मला आधी सुचलं असतं तर पत्र एका पानात आटोपलं असतं. आता कृपा करून इथे थांब, त्याला आत घे, पाणी दे, बस म्हण. सांगितल्याशिवाय तो बसणार नाही. मग पुढचं वाच.

ता. क. ३. घेतलंस का आत? बरं. पिशवीत मंडळाचा कागद आहे (दोन बोटांचा कारकून टंकत होता तो हाच). तिसऱ्या ओळीवर तुझी सही हवी, आठ दिवसांत परत यायला हवी, नाही आली तर त्याला परत तिथे जावं लागेल. तुला न विचारता तुझं नाव दिलं, हे चुकलं. पण चार वाजायला दहा मिनिटं होती, त्याची आई भिंतीला टेकून उभी होती आणि मला दुसरं कुणी आठवलं नाही. खरं सांगते, दुसरं कुणी आठवून पाहिलंच नाही. सही करायची नसेल तर तसं लिही, मी येऊन त्याला घेऊन जाईन, तुला एक शब्द बोलणार नाही. आणि करणार असशील तर करण्याआधी एक सांगायला हवं. त्या कागदावर 'मुलाशी नाते' असा रकाना आहे. चार वर्षांत एकाही फॉर्मवर मी पदरचं अक्षर घातलं नाही. आज पहिल्यांदा घातलं, तिथे मी 'आत्या' लिहिलं. अध्यक्षबाईंनी आधी त्याच्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता शिक्का मारला. त्याला मी बजावून सांगितलं आहे की मॅडम म्हणायचं नाही, बाई म्हणायचं नाही. मघापासून तो ओठांतल्या ओठांत ते म्हणून बघतो आहे. त्याला कुणी आत्या नाही, पहिल्या वेळी अडखळेल. तरी त्याने हाक मारली की तू ओ दे.